वईवरची पाटी

इंदूकाकी,

तुझं बारावं होऊन आज आठ दिवस झाले. शाळेत मी तुला सगळ्यांसमोर ‘तुम्ही’ म्हणायचो. मी मुख्याध्यापक, तू पोरांची खिचडी शिजवणारी, आणि ‘तुम्ही’ म्हटलं की आपण मान दिला असं मला वाटायचं. आज ‘तू’ म्हणतो. इतक्या उशिरा का होईना, घरच्यासारखं बोलू दे.

बाराव्याच्या पंगतीला शाळेच्या आत्ताच्या मुख्याध्यापिका माझ्या शेजारी होत्या. शाळेमागची बाग पुन्हा करायची ठरवली आहे म्हणाल्या. आणि म्हणाल्या, पूर्वीची बाग तुमच्या वेळची, तर वाचनालयाच्या अंकासाठी त्या बागेबद्दल आणि काकींबद्दल चांगलं काहीतरी लिहून द्या. मी मान हलवली. हातातला वडा मोडून बराच वेळ तसाच धरून बसलो होतो, हे तुझ्या सुनेने वाढायला येऊन ‘गुरुजी, उसळ घेवा’ म्हटल्यावर लक्षात आलं.

घरी येऊन लिहायला बसलो. ‘शालेय बागेच्या खऱ्या शिल्पकार’ अशी पहिली ओळ आपोआप आली. अठ्ठावीस वर्षं शिक्षकी केली की असल्या ओळी हाताला सवयीने येतात. कागद फाडला. पुढे चार दिवस लिहिलं नाही. मग एक गोष्ट घडली, ती शेवटी सांगतो. तिच्यामुळे हे लिहितो आहे, आणि चांगलं लिहायचं राहू दे, झालं ते लिहितो.

गावात बारा वर्षं एक गोष्ट बोलली जाते. इंदूकाकीने पोरांना पाला चाखायला शिकवलं, म्हणून सात पोरं दवाखान्यात गेली. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे दोनच माणसांना ठाऊक होतं, एक तू आणि एक मी. निदान मला तसं वाटत होतं.

मी त्या शाळेत बदलून आलो तेव्हा मागे नुसतं रान होतं. चिऱ्यांचा बांध ढासळलेला, जमीन अर्धी माती अर्धी वाळू, आणि समुद्राचं खारं वारं असं की साधा झेंडू धरायचा नाही. पहिल्याच पावसाळ्यात तू पोरांना कामाला लावलंस. कोणी नारळाची सोडणं, वरची सालं, आणून आळ्यात घालायची, कोणी किनाऱ्यावरून मासळीची डोकी आणून झाडाच्या मुळाशी पुरायची. पोरं नाकं दाबायची. तू म्हणायचीस, "नाक दाबतास कित्या? झाडाक जेवणाचो वास येता हा, तुमका कसलो येता?" दोन वर्षांत तिथे वाली आली, पडवळ आलं, अळू, भारंगी, पानओवा, शेवगा, बांधाच्या कडेला आंबट बिंबल. मी फक्त हजेरी घेत होतो, झाडांचीसुद्धा. वहीत नोंद ठेवायची मला हौस.

खिचडी झाली, टोप घासून पालथे पडले, की शेवटचा अर्धा तास तुझा. पोरं डोळे मिटून ओळीने बसायची आणि तू एकेकाच्या जिभेवर पानाचा तुकडा ठेवत जायचीस. आधी चव सांगायची. आंबट, तुरट, जीभ चुरचुरते, आधी कडू आणि मागून गोड. एकाने ‘आमच्या पप्पांच्या औषधासारखं’ म्हटलं तर तेही चालायचं. सगळ्यांचं सांगून झालं की मग तू नाव सांगायचीस. पोरं त्याला जिभेचा तास म्हणायची. मी वेळापत्रकात ‘परिसर अभ्यास’ लिहायचो.

तुझे नियम दोनच. काकीने आधी चावल्याशिवाय कोणी चावायचं नाही. आणि वईचं काही तोंडात घालायचं नाही. वई म्हणजे बागेचं कुंपण, ते मोगली एरंडाचं होतं. भात कापून झालं की गुरं मोकाट सुटतात, ती बागेत शिरू नयेत म्हणून तूच पालकांकडून त्याच्या काठ्या लावून घेतल्या होत्यास. पोरांना समजावताना तू म्हणालीस, "ज्याका बकरी पण तोंड लावणा नाय, त्याचीच वय करतत. तुमी बकरेपेक्षा शाणे मा?" पोरं एका सुरात ‘बें’ करून उत्तर द्यायची. पण सात वर्षांत एकाही पोराने वईला तोंड लावलं नाही. हे मुद्दाम लिहितो आहे, गावाने वाचावं म्हणून.

एकदा पोरांनी मलाही ओळीत बसवलं. डोळे मिटले, जिभेवर पान आलं, मी शहाण्यासारखा ‘पुदिना’ म्हणालो. तो पानओवा होता, माझ्याच खोलीच्या दाराशी डब्यात लावलेला. पोरं जमिनीवर लोळली. तू तोंडाला पदर लावून म्हणालीस, "गुरुजी नांदगावचे. थंयसर लोक हायवेचो धूर खातत. तेंका पाल्याची चव खंयसून कळतली?" मीही हसलो. चाळिशी उलटलेल्या माणसाला त्या दिवशी कळलं की आपण आयुष्यभर नावं खात आलो, चव घेतलीच नाही. ते तू शिकवलंस. त्यानंतर तू कधी अळूचं फदफदं पाठवलंस तर मी सावकाश जेवायचो, कारण दुसऱ्या दिवशी तू बरं झालं होतं का ते विचारायची नाहीस, त्यात काय काय होतं ते विचारायचीस. मी काजू म्हणायचो, आमसूल म्हणायचो. "आणि?" तू म्हणायचीस. माझं नेहमी एक राहायचंच.

भांडण आपलं एकच होतं, ते पाट्यांचं. माझं म्हणणं, झाडापाशी नाव लिहिलेलं हवं. नाहीतर पोरांना वाचायला शिकवतो कशाला? तुझं म्हणणं, नाव आधी कळलं की जीभ आळशी होते. "तुमच्या शर्टार खंय नाव लिवलाला आसा? तरी माका कळता मा, गुरुजी इले." मी म्हणालो, काकी, तुम्ही नसाल तेव्हा पोरांना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी तू पुन्हा तिथूनच सुरुवात केलीस. ते भांडण संपलं नाही. अजूनही मला वाटतं, थोडं माझंही बरोबर होतं. पाटीत वाईट काही नव्हतं. मी तिच्यावर जे लिहिलं ते वाईट होतं.

सोमवारी तालुक्याहून सुंदर शाळेची पाहणी येणार होती. फॉर्ममध्ये औषधी वनस्पतींचा रकाना होता. तुळस, अडुळसा, कोरफड, गवती चहा, पानओवा इथपर्यंत आलो, पुढचे आकडे रिकामे. शुक्रवारी शाळा सुटल्यावर पत्र्याच्या पाट्या रंगवत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी अर्धी शाळा, नंतर मला नांदगावला घरी जायचं, त्यामुळे घाई. एका पुस्तकात मोगली एरंडाचं नाव औषधी झाडांत सापडलं. त्याच पानावर खाली आणखी काही लिहिलं होतं. ते मी वाचलं नाही. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात ‘औषधी वनस्पती’ आणि खाली ‘मोगली एरंड’ लिहून पाटी वईला तारेने बांधली. अक्षर सुंदर आलं होतं. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलंही.

तू भांडी आवरून येत होतीस. थांबलीस. "गुरुजी, वयीक पाटी कित्या?" दुसरीपर्यंत शिकलेली तू, एकेक अक्षर लावून वाचलंस आणि हसलीस. "ह्या औषध? गुरां पण तोंड लावणत नाय."

मी म्हणालो, "पुस्तकात आहे, काकी."

तू माझ्याशी भांडायचीस, पालकांशी भांडायचीस, मासळीवाल्याशी तर रोजच. पुस्तकाशी कधी नाही. पुस्तकात आहे म्हटल्यावर तू मान खाली घातलीस, पाटीकडे पुन्हा एकदा बघितलंस आणि घरी गेलीस. हे मी तुझ्याविरुद्ध वापरलं, ठाऊक असून.

शनिवारी सकाळची शाळा. पोरं बागेतला कचरा वेचत होती, तू चुलीपाशी, मी वर्गात तक्ते लावत होतो. वईची फळं वाळून काळी झाली होती. आतली बी चवीला शेंगदाण्यासारखी लागते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पहिली उलटी मयुरीला झाली. ती चौथीत होती, शाळेत सगळ्यांत चांगलं वाचणारी. मग विशालला. मग एकामागून एक, सात जण.

तू पळी टाकून धावत आलीस. मयुरीची मूठ उघडून बघितलीस, आत टरफलं होती. "वयीचा खाल्ल्यानी," म्हणालीस, आणि किनाऱ्याकडे पळालीस. मासळीचा टेम्पो भरत होता, तो अर्धा रिकामा करून घेऊन आलीस. सात पोरं आणि तू, बर्फाच्या पेट्यांमधे. मयुरी तुझ्या मांडीवर. तुझं लुगडं पोरांच्या उलट्यांनी भरलं होतं. तू मला म्हणालीस, चढा. मी म्हणालो, पालकांना कळवायला कोणीतरी थांबायला हवं.

खरंच होतं ते. कोणीतरी थांबायलाच हवं होतं.

टेम्पो वळणाआड गेला तसा मी वईकडे गेलो. पालकांकडे नंतर गेलो. तार हाताने पिळून सोडवली, बोट कापलं. पाटी दुमडून पिशवीत घातली, वर तक्त्यांची गुंडाळी ठेवली. संध्याकाळी खाडीच्या पुलावरून ती टाकून दिली. सात घरांना त्या दिवशी त्यांच्या पोरांचं जितकं उशिरा कळलं, तो उशीरही माझा. आजवर तो कोणी विचारला नाही, म्हणून सांगतो.

पोरं दोन दिवसांत सावरली. त्यातल्या त्यात देवाने तेवढं केलं.

सोमवारी पाहणी झालीच नाही, सभा झाली. तालुक्याचे साहेब आले, पालक आले. कोणीतरी म्हणालं, काकी पोरांना पाला खायला शिकवते, तिनेच सवय लावली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो आणि स्वच्छ मराठीत म्हणालो, "त्या मुलांना पानं चाखायला लावतात, हे खरं आहे."

एवढंच. काकी, त्या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. पुढे बारा वर्षं मी स्वतःला हेच समजावत आलो की मी खोटं बोललो नाही. मी फक्त खरं तेवढंच बोललो, आणि बसलो.

तू खिचडीच्या शेडच्या दारात उभी होतीस. तुला विचारलं तेव्हा तू सांगितलंस, "वयीचा खाऊ नको म्हणान मी सांगलेलंय." कोणी हसलं. "मगे खाल्ल्यानी कशी?" तू माझ्याकडे बघितलंस. मी हजेरीपट बघत होतो. तुला कामावर येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. माणसं पांगली. तू शेडमधून तुझी पळी घेतलीस, तुझं आसन घेतलंस, आणि माझ्याजवळून जाताना हळू आवाजात म्हणालीस, "गुरुजी, तारेचो तुकडो थंयच रवलो हा."

तू गेलीस. मी जाऊन तो तुकडाही काढला.

मला कसली भीती होती, हे मी नीट कधी स्वतःशीही बोललो नाही. निलंबनाची होतीच. घरी कमावणारा मी एकटा. पण निलंबन होऊन माणूस परत कामावर येतो, तशी माणसं मी बघितली आहेत. माझी खरी भीती हसण्याची होती. ज्या गुरुजीला पानओवा ओळखता आला नाही, त्याने विषाला औषध म्हणून सुंदर अक्षरात पाटी लावली, असं गावाने म्हणावं, ते मला सोसलं नसतं. हे कारण इतकं लहान आहे की लिहिताना लाज वाटते. मोठं कारण शोधून बघितलं, सापडलं नाही.

पुढच्या आठवड्यात माणसं कोयते घेऊन आली. पालकांना आता बागच नको होती. नुसती वई नाही, शेवगा, बिंबल, सगळं तोडलं. मी तिथे फरशा बसवून घेतल्या आणि जास्वंदाच्या कुंड्या ठेवल्या. तू शाळेवरून जायचं बंद केलंस. किनाऱ्याच्या पुळणीतून वळसा घालून बाजाराला जायचीस. वर्गाच्या खिडकीतून डोक्यावर टोपली घेतलेली तू दिसायचीस, आणि मी फळ्याकडे वळायचो.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर तू आलीस. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या घालेल, आणि मला थोडं बरं वाटेल. तू शिव्या घातल्या नाहीस. म्हणालीस, "मोठ्यांका सांगू नका म्हणतंय मी. मोठी दोन दिस बोलतली आणि गप रवतली. पोरांका सांगा, गुरुजी. मयुरी माझ्या दारात येणा नाय. वाटेर दिसलंय तर दुसरीकडे वळता. तिका वाटता, काकीन इख घातल्यान."

मी म्हणालो, "सांगतो."

"कदी?"

गाडी आली. मी चढलो.

मधे एकदा कुणकेश्वरच्या जत्रेत आपण भेटलो, तुला आठवत असेल. तू सुनेबरोबर रांगेत होतीस. मला बघून थांबलीस. "सांगल्यात?" विचारलंस. मी म्हणालो, अजून नाही. "बरा," म्हणालीस, आणि माझ्या बायकोचे गुडघे कसे आहेत ते विचारलंस. त्यानंतर रांग पुढे सरकली. तू रागावली असतीस तर मी त्या रागाचं काहीतरी केलं असतं. त्या ‘बरा’चं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

मी ठरवलं नाही असं नाही. दोनदा पत्र लिहिलं. मयुरीच्या बापाचा नंबर मिळवला. पोरं लहान आहेत, मग पोरं दहावीला आहेत, मग आता सगळं विसरली असतील, अशी दरवेळी नवी सबब. मी थकलो आहे, काकी. काम करून माणूस थकतो तसा नाही. एखादी गोष्ट रोज न सांगणं हेही कामच असतं, आणि त्याला रविवारची सुट्टी नसते.

तुझ्या बाराव्याला जेवून निघालो तेव्हा तुझी सून फाटकापर्यंत आली. म्हणाली, तुला नेलं त्या दिवशी मयुरी आली होती. बाहेर माडाखाली उभी राहिली, आत आली नाही. "लानपणापासून तशीच. आये शेवटपर्यंत इचारी, त्या चेडवाचा काय चल्ला हा, लगीन झाला काय." मयुरी कुठे असते ते मी विचारलं. कुणकेश्वरला, देवळाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे म्हणाली.

चार दिवसांनी गेलो. भर दुपार होती, दुकानात दोन गिऱ्हाइकं. मयुरीने मला लगेच ओळखलं. खुर्ची पुसून दिली. "गुरुजी, काय काढूचा हा?"

काही काढायचं नाही म्हणालो. बसलो नाही. घरून शुद्ध मराठीत वाक्यं जुळवून नेली होती, ती एकही आठवली नाही. उभ्याउभ्या मालवणीतच सांगितलं. वयीर पाटी होती. औषधी म्हणान लिवलेली. ती मी लावलेलंय, आणि तुमका दवाखान्यात नेल्यावर मीच काढलंय. काकीचो तेच्यात काय एक दोष नाय.

मशीन चालू होतं. तिने कागद घालायचा थांबवला.

"पाटी होती?"

"होती."

"खरी होती?"

मला तो प्रश्न समजला नाही. मग ती बोलायला लागली, हळूहळू, मशीनकडे बघत. त्या शनिवारी ती पाटी तिने वाचली होती. काकीचा नियम तिला पाठ होता. पण पाटी गुरुजींची होती, आणि गुरुजी चुकीचं लिहिणार नाहीत. तिने ती बाकीच्या सहा जणांना मोठ्याने वाचून दाखवली. औषध आहे, ताकद येते, असं सांगितलं. आणि काकी आधी चावते, तशी आधी तिने चावली.

दवाखान्यातून आल्यावर ती पहिल्यांदा वईकडे गेली. पाटी नव्हती. कोणाला विचारायला धीर झाला नाही. मग वईच राहिली नाही. "मगे माका वाटला, पाटी नव्हतीच. मार चुकवूक मीच मनातून काढलंय. मी खोटारडी." नऊ वर्षांच्या पोरीने स्वतःपुरतं हे ठरवून टाकलं, आणि काकीला आपल्यामुळे काढलं हेही. तुला बघून ती वळायची ती विषाच्या भीतीने नाही, काकी. तुझ्यासमोर उभं राहायचं तोंड नाही, असं तिला वाटायचं. तू तिच्यासाठी झुरत राहिलीस, ती तुझ्यासाठी, एकाच वाडीत, आणि दोघींच्या मधे मी उभा होतो.

त्या वर्षीचं तिचं प्रगतिपुस्तक मला त्या दुकानात उभ्याउभ्या आठवलं. शेरा माझ्या अक्षरात होता: ‘वाचनात मागे पडत आहे. सराव हवा.’

मी तिला सांगितलं की काकी तुझ्यावर कधीच रागावली नव्हती, शेवटपर्यंत तुझी चौकशी करत होती. ती रडली नाही. तिने विचारलं, "तिका पाटीचा ठावक होता?"

"होता."

"मगे ती बोलाक कशी नाय?"

तू का बोलली नाहीस, काकी? तुझ्यासारख्या बाईचं कोणी ऐकणार नाही म्हणून? की माझी वाट बघत होतीस, मी आपणहून बोलावं म्हणून? थांब्यावर विचारायला हवं होतं, जत्रेत विचारायला हवं होतं. आता ते तुझ्याबरोबर गेलं.

मयुरीने ट्रेमधला एक कोरा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. पेन दिलं.

"लिवून देवा, गुरुजी."

"काय?"

"पाटी होती म्हणान. बाकीच्यांका मी पोचवतंय. विशाल मुंबैक आसा, तेका फोटो धाडतंय."

मी काउंटरवर वाकून लिहिलं. शाळेच्या बागेच्या वईवर ‘औषधी वनस्पती’ अशी पाटी होती. मुलांनी ती वाचून बिया खाल्ल्या. इंदूकाकींचा यात काहीही दोष नव्हता. खाली सही केली, तारीख घातली. तीन ओळींत सगळं आलं असं मला वाटलं. एकदम हलकं वाटलं, हेही कबूल करतो.

तिने कागद घेतला. ओळीखाली बोट फिरवत वाचला. पुन्हा वाचला. मग तो माझ्याकडे फिरवून परत काउंटरवर ठेवला.

"कोणी लावली आणि कोणी काढली, ता खंय आसा?"

मागे आधार कार्ड घेऊन उभा असलेला माणूस चुळबुळ करत होता. अजून किती वेळ लागेल, त्याने विचारलं. मयुरीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"वायच थांबा," ती म्हणाली. "गुरुजी लिवतत."